‘हे कोण बोलतंय?’ विचारणाऱ्या काकांना

वाचनालयातल्या काकांना,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं, चहा घेणार काय?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत.

११ जानेवारी ही वि. स. खांडेकरांची जयंती. त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या फळ्यावर रोज त्यांचं एक वाक्य लिहायचं ठरलं आणि काम अर्थातच मराठीच्या बाईंकडे आलं. मोबाईलवर फिरणारी यादी आयतीच मिळाली होती. मागे मावळता सूर्य, कोपऱ्यात गुलाब, खाली त्यांचं नाव. पुस्तक कुठलं, पान कुठलं, काही पत्ता नाही. ती यादी घेऊन मी तुमच्याकडे मंगळवार पेठेत आले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल डोळ्यांशी धरून सगळी वाचलीत आणि म्हणालात, "ह्यातलं त्यांचं किती, देव जाणे. आणि जे असंल, ते कोण बोलतंय ते आधी बघा की ओ बाई."

मग तुम्ही टेबलावर पुस्तकं मांडायला लागलात. कादंबऱ्या, लघुनिबंध, रूपककथा. खलील जिब्रानही त्यांनीच मराठीत आणला, म्हणजे जिब्रानचं वाक्य खांडेकरांच्या नावावर जायला वेळ लागत नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. शिवाय सिनेमा. शिरोड्याची मास्तरकी सोडून १९३८ साली ते कोल्हापुरात आले, पण त्याआधीच, १९३६ मध्ये, मास्टर विनायकांचा ‘छाया’ त्यांच्या कथेवर निघाला होता. इतक्या ठिकाणी लिहिलेल्या माणसाची वाक्यं सुटी होऊन फिरणारच. (त्यात त्यांची भाषा अलंकारांनी लगडलेली. मला स्वतःला ती कधी कधी जड होते. पण वाक्य उचलून नेणाऱ्याला तीच सोयीची.)

आपण सगळ्यात जास्त वेळ ‘ययाति’वर घालवला. १९५९ची कादंबरी. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही ‘मी’ म्हणून आपापली बाजू मांडतात. दुखावलेली, मानी देवयानी प्रेमाबद्दल बोलते ते वेगळं आणि तिची दासी होऊन राहिलेली शर्मिष्ठा बोलते ते वेगळं. आणि सुखामागे धावणारा ययाति स्वतःची समजूत घालत जे बोलतो, ते फळ्यावर ‘सुविचार’ म्हणून लिहायचं? ज्या खोटेपणावर खांडेकरांनी बोट ठेवलं, तोच त्यांच्या नावावर खपवल्यासारखं झालं असतं.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. शिडी लावून वरच्या फळीवरचं महाभारताचं आदिपर्व काढलंत, त्याच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसलीत आणि ययातीचाच श्लोक दाखवलात: ‘न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति’. उपभोगानं इच्छा शमत नाही, तूप ओतलेल्या आगीसारखी आणखी भडकते. हा श्लोक मी कीर्तनात, भाषणांत कितीदा ऐकलाय. पण तुम्ही म्हणालात, "हे कोण म्हणतंय? पोराचं तारुण्य मागून घेऊन वापरलेला बाप. उपाशी माणसानं म्हटलं असतं तर त्याला कोण विचारतंय?"

फळ्यावर मी ती यादी लिहिलीच नाही. श्लोक लिहिला, शेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहिलं आणि आठवीच्या वर्गात गोष्ट सांगितली. शुक्राचार्यांच्या शापानं आलेलं म्हातारपण, नाही म्हणणारी मोठी मुलं, हो म्हणणारा धाकटा पुरू. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग बाई, पोराचं वय परत दिलं का न्हाई?" दिलं, राज्यही दिलं, असं सांगितल्यावर दुसऱ्यानं विचारलं, "पण पुरूला कुणी विचारलं का, तुला कसं वाटलं ते?" तास संपला तरी वाद चालूच होता. एका सुविचारावर आमच्या शाळेत एवढं भांडण मी आजवर पाहिलेलं नाही.

काका, येत्या शनिवारी त्यातली काही पोरं तुमच्याकडे घेऊन येते. विद्यापीठातलं खांडेकरांचं संग्रहालयही त्यांना दाखवायचंय, पण आधी तुमचं टेबल. ‘ययाति’ची तुमची प्रत एका मुलीनं अजून दिलेली नाही, आई वाचतेय म्हणे. दंड माझ्या नावावर लिहा. आणि त्या आईला सभासद व्हायचंय, अर्ज काढून ठेवा.

आपली,
आठवीच्या मराठीच्या बाई