२ तास ११ मिनिटे

फिलाडेल्फिया,
रविवार, २५ मे

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मंगळवारी फोनवर तुम्ही म्हणालात, ‘रोज संध्याकाळी आपली गाडी मध्येच उभी राहते, त्याचं कारण मला लिहूनच कळव.’ गाडी म्हणजे आपल्या दोन कॉम्प्युटरांमधली वह्यांच्या पानांची देवघेव. बोलण्यात निम्मे निसटते, आणि कागदावर असले की तुम्ही पेन्सिलीने समासात शंका लिहून ठेवता, हे मला ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहिते. कारण सापडले आहे. ते समुद्रापलीकडे कुठे नसून नागपुरात प्रतापनगरच्या आपल्याच घरात, बैठकीच्या खिडकीखालच्या बोर्डावर होते. परंतु दोन यंत्रांमधली जोडणी कशी उभी राहते हे आधी सांगितल्याशिवाय त्या बोर्डाचा दोष लक्षात येणार नाही.

आजोबांच्या वह्यांची पाने तुम्ही तिथे स्कॅन करता आणि मी इथे आडवी आलेली पाने सरळ करते, गावांची नि कुळांची नावे वाचून टिपणे जोडते. म्हणजे बदल दोन्ही टोकांना होतात. एकीकडचे उचलून दुसरीकडे ठेवणारा साधा प्रोग्राम आपल्याला पुरला नसता, कारण त्याने तुमच्या नव्या पानांबरोबर माझी टिपणेही पुसली असती. म्हणून मी युनिसन वापरते. मागच्या भेटीनंतर कोणत्या बाजूला काय बदलले याची नोंद तो दोन्ही यंत्रांवर ठेवतो, आणि एकाच फाइलमध्ये दोन्हीकडे बदल झालेले दिसले तर स्वतः निवाडा न करता विचारतो. हा प्रोग्राम मी राहते त्याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने तयार झाला, हा निव्वळ योगायोग; मी तो निवडला याचे कारण असे की, जोडणी केव्हाही तुटेल हे गृहीत धरूनच तो बांधलेला आहे.

सर्व्हर म्हटले की थंडगार खोलीतले मोठे कपाट तुमच्या डोळ्यांपुढे येते, तसे इथे काही नाही. मी इथे प्रोग्राम सुरू करते तेव्हा माझ्याकडची प्रत क्लायंट, म्हणजे काम मागणारी, होते. ती एसएसएचमार्फत, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, नागपूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करते आणि तिथे त्याच प्रोग्रामची दुसरी प्रत सर्व्हर, म्हणजे मागितलेले काम करून देणारी, म्हणून उठवते. ही दुसरी प्रत त्या एका जोडणीपुरतीच जन्मते आणि जोडणी संपली की तीही संपते. म्हणजे सर्व्हर हा कोणा यंत्राचा हुद्दा नव्हे, ती त्या वेळची कामगिरी आहे; रात्रपाळीला तुम्ही स्टेशन मास्तर असायचात आणि सकाळी घरी आल्यावर नुसते बाबा, तसे.

दोन प्रतींचे पहिले बोलणे ठरलेले असते. सर्व्हरने आधी आपली ओळख सांगायची आणि क्लायंटने ती अक्षर न् अक्षर पडताळून पाहायची. पूर्वी ही पडताळणी फार कडक होती: दोन्ही टोकांना एकच आवृत्ती लागे, आणि प्रोग्राम ज्या ओकॅमल भाषेत लिहिला आहे तिचा कंपायलरही, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रामही, दोन्हीकडे जुळता असावा लागे. २०२२ साली आलेल्या २.५२ या आवृत्तीपासून हा जाच संपला. तरीही ओळखीच्या ओळीआधी भलताच मजकूर आला तर क्लायंट तिथेच थांबतो. तुम्हाला आठवत असेल, दिवाळीत दादाच्या चिरंजीवांनी कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ घातली होती आणि लॉगिन केले की पडद्यावर ‘रामराम पाव्हणं’ असे उमटायचे. माणसाला गंमत वाटते. माझ्या क्लायंटला मात्र ओळखपत्राऐवजी रामराम मिळाला आणि ‘सर्व्हरकडून अनपेक्षित मजकूर आला’ असे सांगून त्याने दोन दिवस पाऊल पुढे टाकले नाही. आता ती ओळ फक्त समोर माणूस बसलेला असेल तेव्हाच दिसते. लेकराचे मन राखले आणि कामही सुरू झाले.

यापुढची अडचण अधिक खोल आहे. इंटरनेटवर कोणाचे दार वाजवायचे तर त्याचा जाहीर पत्ता हवा. असे पत्ते कमी पडू लागल्यामुळे पुष्कळ कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात आणि प्रत्येक घराला आतला, खासगी पत्ता लावतात. २०१२ साली याच कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवण्यात आले, आणि आपल्या मोडेमवरचा पत्ता त्यांतलाच आहे. त्यामुळे नागपूरहून बाहेर जाता येते, पण बाहेरून नागपूरला येता येत नाही. यावर उपाय म्हणून मी महिन्याच्या भाड्याने एक लहानसा सर्व्हर घेतला आहे. आपला नागपूरचा कॉम्प्युटर स्वतः होऊन त्याच्याशी एसएसएचची जोडणी लावतो आणि तिथले एक दार, म्हणजे एक पोर्ट, आपल्या नावाने उघडून ठेवतो. मी त्या दारातून शिरते आणि उलट्या दिशेने आपल्या घरात पोचते. म्हणजे पानांच्या देवघेवीत नागपूर सर्व्हर आहे, पण त्याखालच्या बोगद्यात, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरशी लावलेल्या या एसएसएच जोडणीत, तेच नागपूर क्लायंट आहे. ही दुहेरी भूमिका लक्षात ठेवावी, कारण गोंधळ तिथेच झाला.

आता मूळ तक्रार. मी सकाळी साडेसातला काम लावून ऑफिसला जाते. परत येऊन नोंदवही उघडली की एकाच नमुन्याच्या दोन ओळी दिसत. शेवटचे पान ८ वाजून ६ मिनिटांनी आलेले, आणि जोडणी तुटल्याची नोंद १० वाजून १७ मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी ८ वाजून १ मिनिट आणि १० वाजून १२ मिनिटे. सुरुवातीला माझे सगळे लक्ष सव्वादहाकडे होते. त्या सुमारास भाड्याच्या सर्व्हरवर काही होत असेल, असे मी धरून चालले होते. चौथ्या दिवशी मी वजाबाकी केली. अंतर दर वेळी २ तास ११ मिनिटांचेच होते.

हा आकडा मला ओळखीचा असायला हवा होता. लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीत एखाद्या जोडणीवर काहीच हालचाल नसेल तर ७,२०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन तास, गप्प बसायचे. मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा ‘आहेस का?’ असे विचारायचे. नवव्यालाही उत्तर आले नाही तर जोडणी मेली असे समजायचे. नऊ गुणिले ७५ म्हणजे ६७५ सेकंद, अर्थात सव्वाअकरा मिनिटे. दोन तासांचा हा हिशेब १९८९ सालच्या एका मानकातला आहे. तेव्हा काही जाळ्यांवर माहितीच्या प्रत्येक पाकिटाचे, म्हणजे तुकड्याचे, पैसे पडत, त्यामुळे नुसती विचारपूस करण्यासाठी पाकिटे उडवणे उधळपट्टीचे वाटे. शिवाय, वाटेत घटकाभर बिघाड झाला म्हणून चांगली जोडणी तोडू नये, असाही विचार त्यात होता. तो अगदीच चुकीचा नाही.

कारण बाबा, सगळी मेख इथेच आहे: तारेवर जोडणी अशी काही वस्तू नसतेच. दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपापल्या वहीत ‘आपण जोडलेले आहोत’ असे लिहून ठेवलेले असते, एवढेच. एक बाजू शिस्तीत निरोप घेऊन गेली तर दुसरी लगेच नोंद खोडते. पण निरोप न घेता वाटच बंद झाली, तर दुसऱ्या बाजूला फक्त शांतता ऐकू येते, आणि समोरचा मेला आहे, झोपला आहे की त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही नाही, हे शांततेवरून कळत नाही. पुढच्या स्टेशनाशी गाडीबद्दल संकेत करायच्या तुमच्या ब्लॉक इन्स्ट्रुमेंटवर तुम्ही घंटी दिली आणि पुढच्या स्टेशनाने उत्तर दिले नाही, तर तुम्ही लगेच लाइन फेल झाली असे लिहून टाकत नव्हता. पण रात्रभर वाटही पाहत बसत नव्हता. किती थांबायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते.

मग आठ वाजता असे काय घडत होते? इथले आठ म्हणजे नागपूरचे साडेपाच. गेल्या रविवारी त्याच वेळी मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. ती म्हणाली, ‘थांब वं, कूलरात पाणी टाकून येतो.’ तिचा हात बोर्डाकडे गेला आणि चित्र तिथेच थिजले: आई अर्धी वळलेली, हातात हिरवा पाइप, पदर खोचलेला. मी दोन मिनिटे त्या चित्राकडे पाहत बसले, आणि मग एकदम उमगले की तिच्यासारखाच माझा सर्व्हरही थिजला असणार. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी आई नियमाने बोर्डाचे मुख्य बटण बंद करते. आणि एप्रिलमध्ये आपण कूलर बसवला तेव्हा मोडेमचा प्लग त्याच बोर्डावर सरकवला गेला होता. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे तो चालूच राहतो, म्हणून तुम्हाला तिथे काहीच बिघडलेले दिसत नसे.

दहा मिनिटांनी मोडेम पुन्हा सुरू होतो, पण तोवर आपला बाहेरचा पत्ता बदललेला असतो. नागपूरचा कॉम्प्युटर जुन्याच बोगद्यातून पाकिटे पाठवू पाहतो. भाड्याचा सर्व्हर या नव्या पत्त्याला ओळखत नाही आणि त्याला झिडकारतो. नागपूर लगेच समजूतदारपणे नवा बोगदा मागते. तेव्हा सर्व्हर म्हणतो, हे दार आधीच नागपूरच्या नावावर लागलेले आहे! त्याच्या वहीत जुने नागपूर अजून जिवंत असते आणि पुढचे दोन तास तो त्या गेलेल्या पाहुण्यासाठी दार अडवून उभा राहतो. खरा पाहुणा बाहेर ताटकळतो.

उपाय दोन टोकांना केला. भाड्याच्या सर्व्हरला आता दर ३० सेकंदांनी विचारपूस करायला सांगितले आहे, आणि तीन वेळा उत्तर न आल्यास दार सोडून द्यायला. नागपूरच्या बाजूलाही तेच. शिवाय दार मिळाले नाही तर नागपूरने नुसता पोकळ बोगदा धरून न बसता तो सोडावा आणि मिनिटभराने पुन्हा मागावा. पहिल्या उत्साहात मी ३० ऐवजी ५ सेकंद ठेवले होते. त्यामुळे तुमच्याकडे रात्री नऊनंतर लाइन भरलेली असते तेव्हा धडधाकट जोडण्याही पटापट तुटू लागल्या. दीड मिनिट हा आकडा कोणत्या ग्रंथातला नाही. आपल्या मोहल्ल्याची लाइन पाहून मी तो बसवला आहे, आणि पावसाळ्यात बदलावा लागला तर बदलीन.

जोडणी मध्येच तुटल्यामुळे पाने खराब झाली असतील, ही तुमची चिंता मात्र मनातून काढावी. येणारे पान आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये उतरते. ते पुरते आले आणि ताडून पाहिले की मगच त्याला खरे नाव मिळते. शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसल्याशिवाय तुम्ही गाडी पूर्ण आली असे कळवत नव्हता, तेच हे. पान आले पण नोंद व्हायच्या आत जोडणी गेली, तरी पुढच्या वेळी दोन्हीकडचे पान सारखेच असल्याचे त्याला दिसते आणि तो फक्त नोंद पुरी करतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने सांभाळायची. काम चालू असताना युनिसन दोन्ही यंत्रांवर एक कुलुपाची फाइल ठेवतो, म्हणजे एकाच वहीत दोघे एकदम लिहिणार नाहीत. अपघाताने जोडणी गेली तर ती फाइल कधीकधी मागे राहते, आणि पुढच्या वेळी ‘कुलूप लागलेले आहे’ असे तो सांगतो. मागच्या महिन्यात मी घाईघाईने दादाला फोनवर ती काढून टाकायला सांगितले, तेव्हा माझ्याकडे जुनी खेप अजून चालू होती. काही बिघडले नाही, ते केवळ नशीब. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी, इन्स्ट्रुमेंटमध्ये परत आल्याशिवाय दुसरा गोळा बाहेर पडत नसे. इथे तो जबरदस्तीने काढता येतो, हाच धोका आहे. म्हणून यापुढे कुलूप मी स्वतः, दोन्हीकडे काही चालू नाही हे पाहूनच काढीन. तुम्ही किंवा दादाने त्याला हात लावू नये.

तुमच्याकडून एवढेच हवे आहे की, मोडेमचा प्लग खिडकीखालच्या बोर्डावरून काढून कॉम्प्युटरशेजारच्या इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावावा. वायर पुरणार नाही; दादाला सीताबर्डीवरून तीन मीटरची आणायला सांगा. आईला मात्र बटण बंद न करण्याविषयी अवाक्षरही बोलू नका. कूलरात पाणी भरताना ती करते तेच बरोबर आहे.

प्लग हलवला की फोन करा, म्हणजे मी लगेच काम लावून पाहते. सहाव्या वहीचे ४१ वे पान चार दिवस वाटेत अडकले आहे. त्यावर आजोबांनी समासात काहीतरी खोडून पुन्हा लिहिलेले दिसते, आणि लहान प्रतीवरून ते लागत नाही.

आईस नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार, आणि ‘रामराम पाव्हणं’वाल्यास आशीर्वाद.

तुमची,
धाकटी