प्रिय श्रीधर, पैसे देण्याआधी बोल्ट बघ

मिसिसागा, ऑन्टेरिओ

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले फोटो मिळाले. तू घ्यायच्या बेतात आहेस ती ली-एनफिल्ड रायफल देखणी आहे यात वाद नाही, आणि कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याची आहे म्हणून मला जरा जास्तच आवडली. त्या कारखान्याची तपासणीची इमारत आमच्या गावात लेकशोअर रस्त्यावर अजून उभी आहे. आता तिथे कलाकेंद्र आहे, पण युद्धाच्या काळात याच आवारात हजारो बायकांनी मशीनवर उभं राहून या रायफली घडवल्या. आयुष्य टूलरूममध्ये घालवल्यावर अशा कामाबद्दल आदर वाटतोच. पण विकणारा जे ‘सगळे नंबर जुळतात, सगळं मूळचं’ म्हणतोय, ते मला पटलेलं नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

रिसीव्हरबद्दल, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धडाबद्दल, शंका नाही. डाव्या अंगाला ‘नंबर फोर मार्क वन स्टार, लाँग ब्रँच, 1943’ असा ठसा आहे, नंबरात एल आहे, आणि सी अक्षरात बाण हे कॅनडा सरकारच्या मालकीचं चिन्हही आहे. ‘स्टार’ खरा आहे का तेही पाहता येतं. इंग्लंडच्या मार्क वनला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून कोंडणारा दांडा, काढायला एक दाबायची कळ असते. कॅनडा आणि अमेरिकेत ती गाळली आणि बोल्ट सरकतो त्या उजव्या रुळात पुढच्या बाजूला नुसती एक खाच पाडली. काम वाचलं, पण त्या खाचेजवळ रुळाचा ओठ नाजूक झाला आणि पुष्कळ रायफलींचा तिथे टवका उडालेला असतो. तुझ्या फोटोत ती जागा सावलीत गेली आहे. टॉर्च लावून पुन्हा फोटो काढ.

आता बोल्ट. मुठीच्या मागच्या बाजूला नंबर आहे आणि तो रिसीव्हरशी जुळतो, हे खरं. पण फोटो मोठा करून बघ. नंबराखालचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट आहे आणि त्यावर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा आहेत. त्या ग्राइंडरच्या आहेत. तेवढ्याच जागेचा काळा रंगही बाकीच्या मुठीपेक्षा ताजा दिसतो. आणि 3 बघ: रिसीव्हरवर तो वरून गोल आहे, बोल्टवर वरून सपाट. जुना नंबर घासून हा नवा मारलाय, आणि माझ्या मते तो लष्कराने मारलेला नाही. लष्करी कारखान्यात बोल्ट बदलला तर जुन्या नंबरावर सरळ रेघ ओढून शेजारी नवा मारायचे. त्यांना काही लपवायचं नव्हतं.

यावरचं माझं मत तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. रेघ ओढलेला जुना नंबर असलेली रायफल मी आनंदाने घेईन. इंग्लंडला गेलेल्या कितीतरी लाँग ब्रँच युद्धानंतर फाझाकर्लीच्या कारखान्यात पूर्ण दुरुस्त झाल्या. त्यांच्यावर इलेक्ट्रिक पेन्सिलने एफटीआर, म्हणजे ‘फॅक्टरी थरो रिपेअर’, लिहिलेलं सापडतं, आणि आत इंग्लिश भाग असतात. ती त्या रायफलीची खरी नोकरी आहे. नोकरीतल्या खुणा पुसून ती कालच पेटीतून निघाल्याचा आव आणणं मला पटत नाही. आणि त्याचे जास्तीचे पैसे मागणं तर फसवणूकच.

लहान भाग सुटे करून बघायला परवानगी माग. लाँग ब्रँचच्या भागांवर एलबी असतं, अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने बनवलेल्यांवर चौकोनी वळणाचा एस. आणि नळीतून पाहिल्यावर गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा पाचऐवजी दोनच दिसल्या तर नळी बदलली असं समजू नकोस. युद्धात उत्पादन वाढवायला कॅनडा आणि सॅव्हेज दोघांनीही दोन खाचांच्या नळ्या बनवल्या, आणि त्या चांगल्या चालतात. मागच्या साइटचंही तसंच. मायक्रोमीटरसारख्या स्क्रूची साइट फार सुंदर, पण ती मिलिंग करून बनवायला वेळ लागायचा. म्हणून पुढे तीनशे आणि सहाशे यार्डांची, नुसती उलटवायची साइट आली आणि पत्रा ठोकून केलेल्याही आल्या. बरेच हौशी लोक साधी साइट काढून भारीतली बसवतात आणि रायफल सुधारली असं मानतात. 1943च्या रायफलीवर साधी साइट असेल तर ती तिथेच राहू दे.

नळीवर ‘इंग्लंड’ किंवा साडेअठरा टनांचा ठसा दिसला तर घाबरू नकोस. ब्रिटनमधून बाजारात जाताना चाचणी झाल्याच्या त्या खुणा आहेत, म्हणजे ती तिकडून फिरून तुझ्याकडे आली.

एक गोष्ट मात्र हौसेची नाही, जिवाची आहे. बोल्टच्या पुढे जे वेगळं डोकं स्क्रूसारखं बसतं, त्यावर शून्य ते तीन यातला एक आकडा असतो. काडतुसामागची जागा बरोबर ठेवायला ते मापाप्रमाणे निवडतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आणून बसवला असेल तर ते माप चुकलेलं असू शकतं, आणि बोल्टच्या खुंट्या रिसीव्हरला सारख्या टेकतीलच असंही नाही. गनस्मिथकडून गेज लावून घेतल्याशिवाय एकही गोळी उडवू नकोस.

आता मनातलं. तुला ही रायफल काकांसाठी हवी आहे, हे मला माहीत आहे. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत त्यांची उभी हयात गेली, आणि केएफ ठसा असलेलं ते रिकामं थ्री नॉट थ्रीचं काडतूस तू अजून जपून ठेवलंयस. मग इशापूरची रायफल का नाही बघत? बंगालमधल्या त्या कारखान्याची नंबर वन मार्क थ्री स्टार, ली-एनफिल्डचाच आधीचा नमुना, अमेरिकेत सापडते. जुन्यांवर मुकुट आणि जीआरआय ही राजा जॉर्जची अक्षरं, स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. लाकडातून आडवा गेलेला मजबुतीचा स्क्रू दिसला तर ते इशापूरचंच काम आहे, कुणाचा उपद्व्याप नव्हे. लाकूड काळवंडलेलं, ओबडधोबड असतं. मला ते मनापासून आवडतं.

फक्त मॅगझिन चौकोनी आणि मोठं दिसलं, तर थांब. ती टू-ए किंवा टू-ए-वन. 1962च्या युद्धानंतर इशापूरने तोच जुना घाट घेऊन 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली. तिच्यात थ्री नॉट थ्री घालायचं नाही, आणि खडकीच्या त्या काडतुसाशी तिचं नातं जुळणार नाही. विकणारे तिला ‘पहिल्या महायुद्धातली’ म्हणूनही खपवतात. ‘जंगल कार्बाइन’ म्हणून नळी कापलेल्या रायफलीही भरपूर फिरतात. खऱ्या जंगल कार्बाइनमध्ये, म्हणजे नंबर फाइव्हमध्ये, वजन कमी करायला नळीच्या बुडाशी, लाकडाखाली, धातू खरवडून काढलेला असतो. तो खालचा भाग बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

त्या माणसाला सरळ सांग की बोल्टचा नंबर नंतर मारलेला आहे. किंमत त्या हिशेबाने उतरली तर घ्यायला हरकत नाही, कारण रिसीव्हर आणि लाकूड मला चांगलं वाटतंय. नाही उतरली तर सोडून दे. मला तीन फोटो पाठव: बोल्टच्या रुळाची खाच, बोल्टच्या डोक्यावरचा आकडा आणि पुढच्या लाकडाची खालची बाजू. शनिवारी सकाळी मी घरीच आहे, फोन कर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश