पट्टी उलटी लागली होती

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिग्या,

तुझं पत्र येऊन सात महिने झाले. उत्तर लिहिलं नाही, तुझे दोन फोन घेतले नाहीत, दिवाळीला एक फोटो पाठवून मोकळा झालो. रागावला असशील तर रागाव, तुला हक्क आहे. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा जिना चढताना दुखतो, बाकी काही नाही. पण आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. हिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, एका फितीवरून इतकं?"

तुझ्या आईच्या मामांची, बापूमामांची, फौजेतल्या पदकांच्या फितींची पट्टी माझ्या टेबलावर आहे. काचेतली नाही, उघडी.

निखिल गुरुवारी घेऊन आला. साताऱ्याच्या घराला रंग काढलाय, त्यात फ्रेम पडली, काच फुटली. म्हणाला, "काका, नवी करून द्या, आणि खाली नाव नीट छापून द्या, आयडीएसएम या शौर्यपदकासकट." आणि जाता जाता सांगितलं की गावच्या शाळेत २६ जानेवारीला गावातल्या सगळ्या फौजींच्या नावांचा फलक लागतोय आणि बापूमामांचं नाव सर्वांत वर आहे. शौर्यपदकवाले गावात ते एकटेच म्हणून.

रात्री जेवण झाल्यावर पट्टी दिव्याखाली घेतली आणि मऊ ब्रशनं धूळ झाडायला बसलो. तुला आठवतेय ना ती? दोन ओळी, एकेका ओळीत तीन फिती. कुठल्या तरी छावणीतल्या शिंप्यानं हातानं शिवलेली. मागे खाकी ड्रिलचा तुकडा, आत बकरम, पितळी पिन, आणि कडेनं पिवळ्या दोऱ्याची बारीक हेम. कारखान्यातली पट्टी असती तर फितीला फीत नुसती टेकून बसली असती. इथे बकरमचा तुकडा आखूड पडलाय म्हणून त्यानं एकीची कड दुसरीखाली सरकवलीय आणि शेवटची फीत मागे मुडपून टाचलीय. असल्या हातच्या पट्ट्या मला का आवडतात ते तुला सांगायला नको. त्यात घालणाऱ्याबरोबर शिवणाराही दिसतो.

तर भिंगातून बघताना १९३९-४५ स्टारच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या पदकाच्या, फितीवर आलो. गडद निळा, लाल, फिका निळा. नौदल, पायदळ, हवाईदल. आपल्या कलेक्शनची पहिली फीत, झोपेतही ओळखीन. पण फिका निळा माझ्या डाव्या हाताला होता. नियम असा की गडद निळा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्यापासून लांब, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. मनात म्हटलं, शिंप्यानं उलटी लावली, होतं असं. मग शेजारची आफ्रिका स्टार पाहिली. वाळूचा रंग, मधे लाल, एका बाजूला गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला फिकी. तीही उलटी.

एक फीत उलटी असती तर शिंपी चुकला म्हटलं असतं. दोन्ही उलट्या म्हणजे शिंपी चुकला नाही रे. आपण चुकलो.

आफ्रिकेच्या फितीवर तो रुपेरी आठ आहे ना, एट्थ आर्मीचा, म्हणजे ब्रिटिशांच्या आठव्या सेनेचा? २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात त्या आर्मीत होते त्यांनाच तो मिळायचा. इंग्रजी आठ उलटा केला तरी आठच दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण भिंगात नीट बघितलं की त्याचं वरचं पोट लहान आणि खालचं मोठं असतं. ३४ वर्षं मोठं पोट वर होतं.

मी पट्टी फिरवली. आणि वरच्या ओळीत पहिली असलेली ती किरमिजी फीत खालच्या ओळीत शेवटी गेली.

कुठली ते कळलंच असेल तुला. मे १९९१, तुमच्या सातारच्या घराची माडी, पुढ्यात सुमनमावशीनं दिलेला बिस्किटाचा डबा. पट्टी सुटीच होती, वर-खाली सांगणारं काही नव्हतं. किरमिजी फीत, कडांना निळा. माझ्या त्या जुन्या पुस्तकात चित्रं काळीपांढरी आणि रंग शब्दांत लिहिलेले. तिथे आयडीएसएमपुढे किरमिजी आणि गडद निळा एवढंच होतं. मी ओरडलो, "इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल!" शौर्यपदक म्हटलं की ते पहिलं लागतं हे मला माहीत होतं, म्हणून पट्टी अशी धरली की ती पहिली येईल. आधी ओळखलं आणि मग धरलं. करायला हवं होतं नेमकं उलट.

तू म्हणाला होतास, "निळा फार बारीक वाटतो. आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाक." शब्द न् शब्द आठवतो. आणि मी तुला काय म्हणालो तेही आठवतं. तुझ्या आईच्या मामांचं मोठेपण तुलाच सोसत नाही, असं म्हणालो. तू महिनाभर बोलला नाहीस. मला वाटत राहिलं, तू बर्मा स्टारच्या अदलाबदलीवरून रुसलायस. (त्या बर्मा स्टारचं मात्र मी अजून विसरलेलो नाही. बदल्यात एनसीसीचा हॅकल, टोपीवरचा तुरा, दिलास आणि तो तुमच्याच कोंबड्याच्या पिसांना लाल शाई लावून केलेला निघाला. त्या कोंबड्याची माफी मागितलीस का कधी?)

तर आता ती फीत. मागे मुडपलेली कड मी चिमट्यानं जरा उचलली. टाका तोडला नाही, नुसतं डोकावलो. आत उजेड कधी गेलाच नव्हता, रंग काल विणल्यासारखे. लाल, मग निळी रेघ, मग पांढरी, मग पुन्हा निळी. पांढरी! दर्शनी बाजूला ती पांढरी आणि बाहेरची निळी एका टोकाला घडीत गेलेली आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या वॉर मेडलच्या फितीखाली. उरला लाल आणि कडेचा निळा दोरा. आयडीएसएमचा निळा ऐसपैस असतो, माझ्याकडे आता खरी फीत आहे, शेजारी ठेवून पाहिली. ही १९३५ ची ज्युबिली आहे, दिग्या. पंचम जॉर्जच्या गादीला २५ वर्षं झाली तेव्हाची. अशी मेडलं लढायांच्या मेडलांनंतरच लागतात, म्हणून शेवटी. सरळ धरली की सगळी पट्टी घड्याळासारखी लागते. आधी हिरव्या कडांची १९३६ ची इंडिया जनरल सर्व्हिस, म्हणजे वझिरिस्तान. मग १९३९-४५, आफ्रिका. खाली इटली, वॉर मेडल, ज्युबिली. शिंप्यानं एकही चूक केलेली नाही.

तरी मला आशा होती. शुक्रवारी निखिलला म्हटलं, ट्रंकेत डिस्चार्जचं पुस्तक असेल तर फोटो पाठव. आज संध्याकाळी आला. मेडलांच्या रकान्यात हीच सहा नावं, याच क्रमानं. आयडीएसएम नाही.

आता सांग, मावशीला काय सांगू?

ती ८५ वर्षांची आहे. १९९१ साली आपण दोघं माडीवरून धडधडत खाली आलो, मी सांगितलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. हात पुसले आणि म्हणाली, "मला ठाऊकच होतं." तेव्हापासून रोज त्या फ्रेमला फूल. तिच्या नातसुनेनं परवा सांगितलं की पाहुणा आला की आधी फ्रेम दाखवतात, मग चहा. असं असताना मी जाऊन सांगायचं की ते पदक नव्हतंच? की गप्प बसून फ्रेम पूर्वीसारखी उलटी लावायची? हे मी तीन रात्री घोळवतोय. दुरुस्त करायचं म्हणून पट्टी सरळ लावली आणि तोंडानं बोललो नाही, तर तीही लबाडीच. आणि फलकावर जाणारी अक्षरं? ज्यांना खरंच आयडीएसएम मिळालं त्यांनी काय सोसून मिळवलं असेल! त्यांच्या रांगेत माझ्या चुकीमुळे एक नाव बसणार आणि शाळेतली पोरं ते रोज वाचणार. ते मला चालणार नाही. हे लिहिता लिहिता पक्कं होत चाललंय.

आणि एक गोष्ट बघ. बापूमामा आपल्याला इतक्या गोष्टी सांगायचे, पण मला शौर्यपदक मिळालं असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ते मी म्हणालो. ते फक्त खेचरांबद्दल बोलायचे. आर्मी सर्व्हिस कोअरची खेचरांची कंपनी, चौथी इंडियन डिव्हिजन, इटलीतलं कॅसिनो. आपल्याला वाटायचं कॅसिनो हे त्या खेचराचंच नाव, आणि तू तुमच्या गाढवाला कॅसिनो म्हणायचास! १९४४ चा फेब्रुवारी-मार्च, डोंगरावर आपली माणसं अडकलेली, दिवसा रस्ता तोफांच्या तोंडी, म्हणून दारूगोळा आणि पाणी रात्री खेचरांच्या पाठीवरून वर चढायचं. बापूमामा सांगायचे ना, पुढचं दिसायचं नाही म्हणून पुढच्या खेचराची शेपटी धरायची, आणि शेपटी एकदम ढिली पडली की समजायचं, ते गेलं. मग त्याच्या पाठीवरचं ओझं दुसऱ्यावर चढवायचं आणि चालायचं. ओट्यावर बसून सांगताना त्यांची मूठ वळलेली असायची, शेपटी धरल्यासारखी. आठवतं?

ते सगळं त्या खालच्या ओळीतल्या पहिल्या फितीत आहे. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटली स्टार. आपण ती कधी धड बघितलीच नाही. हजारोंना मिळाली म्हणून तिला साधी म्हणायचो. मला त्याचंच जास्त वाईट वाटतंय. त्यांच्याजवळ जे होतं ते सोडून नसलेलं मी त्यांना चिकटवलं.

मध्येच सांगतो, पट्ट्यांवरचा माझा विश्वास उडालेला नाही. गेल्या महिन्यात जुन्या बाजारात एक बर्मा स्टारची पट्टी मिळाली, विकणारा म्हणे खास युद्धातली. घरी आणून जांभळ्या टॉर्चखाली धरली तर दोरा ट्यूबलाइटसारखा चमकला, म्हणजे नवा असण्याची शंका. तसं बघितलं तर जुनी पट्टी कुणी अलीकडे साबणाच्या पावडरीत धुतली असेल तरी चमकते, म्हणून निघालेला एक धागा जाळून बघितला. सुती असता तर कागद जळाल्याचा वास येऊन राख झाली असती. याचा वितळून मणी झाला. म्हणजे सिंथेटिक. तू असतास तर विकत घेण्याआधीच दोरा ओढला असतास आणि आपल्याला तिथून हाकललं असतं, मंडईतल्यासारखं.

तर माझं म्हणणं असं. फोनवर हे सांगायचं नाही. २६ तारखेच्या आधी मी साताऱ्याला जाणार, आणि तू बडोद्याहून यायचंस. तू आलास तर मावशी ऐकेल, तुझ्यात ती तुझ्या आईला बघते. मी बोलेन, चूक माझी आहे. तू नुसता शेजारी बस. तिला डिस्चार्जचं पुस्तक वाचून दाखवू, एकेक फीत बोटानं दाखवू, आणि इटलीपाशी आलो की तू खेचराची गोष्ट सांग. तुला त्यांच्यासारखी सांगता येते, मला नाही. फलकवाल्यांना मी उद्याच फोन करून मजकूर थांबवतो. कारण विचारलं तर म्हणेन, तपासणी चालू आहे. ते खोटं नाही.

आणि मे १९९१ मध्ये जे बोललो त्याची माफी. तुझं बरोबर होतं. निळा बारीकच होता.

अनघाचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींची शाळा सुटली का, की मुदतवाढ? तुझ्या नव्या घरी पाण्याचं काय झालं? रावसाहेब भेटले होते, तुला विचारत होते, अजून तसेच आहेत.

नवी फ्रेम करून आणलीय, सागवानी, मागे कापूस घालून. पट्टी आत सरळ ठेवलीय, गडद निळा डावीकडे. काच अजून बसवलेली नाही. मावशीनं आधी हात लावून बघावा असं वाटतं. गाडीचं तिकीट काढलंस की लगेच कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
अरुण

ता. क. : येताना तुझी ती निळी वही आण, १९९१ ची. तू त्या दिवशी फितींचं चित्र रंगीत पेन्सिलींनी काढलं होतंस. पांढरी रेघ काढली होतीस का, ते मला बघायचंय.