ट्रेकच्या यादीत मीठही हवे

मा. संपादक,
स. न.

पावसाळा सरला की पुण्याहून राजगड, तोरणा आणि कात्रज ते सिंहगड या वाटांवर गर्दी होऊ लागते. ट्रेक नेणारे गट सोबत आणायच्या वस्तूंची यादी पाठवतात. तीत ‘तीन लिटर पाणी’ ठळक अक्षरांत असते, मिठाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

लिटरभर घामातून प्रकृतीप्रमाणे साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम (मिठातला एक घटक) निघून जाते आणि ऑक्टोबरच्या उन्हात चढताना तासाभरात लिटरभर घाम जाणे अशक्य नाही. अशा वेळी तहान नसतानाही नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, कारण मूत्रपिंडे तासाला जेमतेम पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात आणि दीर्घ श्रमांत ही क्षमताही घटते. डोकेदुखी, मळमळ, भ्रमिष्टपणा ही लक्षणे पाणी कमी पडल्यावर दिसतात तशीच सोडियम घसरल्यावरही दिसतात. त्यामुळे सोबती काळजीपोटी आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिकच बिघडते. भरपूर पाणी प्यायलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला झटके आले, तर पाण्याचा आग्रह थांबवून त्याला तातडीने रुग्णालयात हलवले पाहिजे.

यावरचा उपाय खर्चिक नाही. तहानेप्रमाणे थोडेथोडे पाणी, जोडीला खारे दाणे, मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत एवढ्यावर बहुतेकांचे भागते. सिंहगडावर ताक मिळते खरे. पण कात्रजहून रात्रभर टेकड्या तुडवत येणाऱ्याला ते शेवटी मिळते, म्हणून मिठाची सोय पाठपिशवीतच हवी. फार घाम गेल्यास ओआरएस (पाण्यात विरघळवून प्यायची क्षार-साखरेची पूड, म्हणजेच जलसंजीवनी) उपयोगी पडते, कारण त्यातील ग्लुकोजमुळे लहान आतड्यात सोडियम आणि त्यापाठोपाठ पाणी वेगाने शोषले जाते. मात्र लिटरभर पाण्यासाठीचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे करण्याची सवय सर्रास दिसते, ती घातक आहे. पाकीट नसल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा, पोह्यांचा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे योग्यच झाले. तरीही खरेदी करताना वेष्टनावरील घटक वाचावेत. संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. साखरेचा याहून फार मोठा आकडा दिसला, तर ते सरबत समजावे.

ट्रेक नेणाऱ्या गटांना विनंती आहे की, त्यांनी यादीत पाण्याशेजारी ओआरएसची दोन पाकिटे आणि खारा खाऊ लिहावा, तसेच रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मिठाच्या प्रमाणाबाबत आधी डॉक्टरांना विचारून येण्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे.

आपला,
एक गडप्रेमी वाचक, पुणे