बागेत बसायला तिकीट कशाला? पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. त्यामुळे मी सांगते आहे आणि भाची मोबाईलवर लिहून घेते आहे. कुठे तिखट वाटले तर तो तिखटपणा माझाच. "मावशी, हे काढू का?" असे तिने मध्येमध्ये विचारले, मी नको म्हटले. गावाचे नाव मात्र मुद्दामच घालत नाही. नळाला आधीच चार दिवसांआड पाणी येते. नाव घातले तर आठ दिवसांआड यायचे. तुम्हाला गाव ओळखायला अडचण पडू नये. जिथे बागेची फीत तुम्ही स्वतः कापलीत आणि हाराच्या गर्दीत कात्री हरवली होती, तेच हे तालुक्याचे गाव.

आमची नगरपालिकेची बाग दीड-दोन वर्षे पत्रे ठोकून बंद होती. सुशोभीकरण चालू होते. निवडणुकीच्या सभेत बाजारपटांगणात उभे राहून तुम्ही म्हणालात की ही बाग माझ्या माता-भगिनींना आणि ज्येष्ठांना कायमची मोफत राहील. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गेल्या महिन्यात बाग उघडली आणि दुसऱ्याच दिवशी फाटकावर तिकीट सुरू झाले. माणशी वीस रुपये, सकाळी फिरणाऱ्यांना महिन्याचा पास तीनशे. ज्येष्ठांना निम्मे आहे म्हणे, पण त्यासाठी आधारची झेरॉक्स जमा करायची, ती दर वेळी नवी. दहा रुपये वाचवायला आधी झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पायपीट करायची. मोफतचा विषय काढला तर फाटकावरचा पोरगा म्हणतो, "काकू, आमच्याकडे तसं लेखी काही आलेलं नाही." खरे आहे त्याचे. भाषणाची पावती कुठे मिळते?

तरीही मी वीस रुपये भरून आत गेले. कारंज्याभोवती तुम्ही चकचकीत फरशी बसवली आहे, चेहरा दिसावा अशी. कारंज्याचे शिंतोडे तिच्यावर उडतात आणि खाली पाणी आहे हे कळतच नाही. पाय सटकला, हात टेकायला गेले आणि मनगट मोडले. त्या फरशीवर बसवलेल्या फायबरच्या हरणाने मला पाहिले असेल. वॉचमनने पाहिले नाही, तो तिकिटे फाडत होता. एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या मिळून साडेचार हजारांच्या पुढे गेले. यजमानांची सूतगिरणी बंद पडून जमाना झाला. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापल्या गेलेल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन येते, दोन हजारसुद्धा नाही. या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपयांवर ठेवलेली आहे. ती साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसे बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत उपोषणाला बसून आली. तो विषय तुमच्या अखत्यारीतला नाही, केंद्राचा आहे, हे मला माहीत आहे. प्रत्येक विषय दुसऱ्या कोणाच्या तरी अखत्यारीतला असतो.

मोडलेला उजवा हात म्हणजे काय, ते तुमच्या स्वीय सहायकाला कळणार नाही, म्हणून सांगते. भाकरी थापता येत नाही. वेणी घालता येत नाही, शेजारची सून येऊन घालते आणि मला लाज वाटते. उन्हाळ्यातल्या पापडांची कामे आली होती, पाच-सहा घरची, ती गेली. यजमान स्वयंपाक करतात. भाताला तळ लागतो, वरणाला मीठ लागत नाही, आणि ते समोर बसून "कसं झालंय?" असे विचारतात. रात्री कुशीवर वळताना हात दुखतो आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. अशा वेळी पूर्वी मी सकाळी उठून बागेत जाऊन बसले असते. आता पास काढायला हवा.

साहेब, ही बाग आम्हा बायकांना काय होती, ते तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. पुरुषांना बसायला गावात जागा पुष्कळ. देवळाचा पार आहे, पानटपरी आहे, स्टँडसमोरचे हॉटेल आहे, तुमच्या पक्षाच्या संपर्क कार्यालयाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. अर्ध्या चहावर दोन तास बसले तरी कोणी विचारत नाही. बाई तशी बसू शकते का? बाईला घराबाहेर पडायला काम लागते. दळण, भाजी, देऊळ, दवाखाना, पोराची शाळा. काम नसताना, पैसे न मोडता, कोणाला उत्तर न देता बाईने बसायचे ठिकाण गावात एकच होते, बागेतल्या वडाखालची दोन बाकडी.

पाच वाजता आम्ही जमायचो. त्यात शिवणकाम करणारी होती, निवृत्त बालवाडीताई होती, डाळमिलमधून सुटून थेट येणारी होती. एकीला घरी बोलायला कोणी नव्हते आणि एकीला घरी सगळे एकदम बोलायचे. दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले की सगळ्यांना पुरायचे. भिशीचे पैसे तिथेच मोजायचो. कोणाच्या मुलीचे स्थळ मोडले, कोणाच्या गुडघ्यात पाणी झाले, कुठल्या दुकानात तेल चार रुपयांनी स्वस्त आहे, सगळे तिथेच कळायचे. कधी भेंड्या लावायचो, कधी नुसत्या बसायचो. दिवाबत्तीच्या वेळेला घरी. एवढाच कार्यक्रम. याला तुमच्या भाषेत काही योजनेचे नाव नसेल, पण आमच्यातल्या दोघी-तिघींच्या झोपेच्या गोळ्या त्याच्यावर सुटल्या होत्या.

भाचीने आत्ताच मोबाईलवर शोधून वाचून दाखवले. सरकारचेच २०२४ चे वेळ वापराचे सर्वेक्षण म्हणते की आपल्याच घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाचे ८८. म्हणजे पावणेपाच तास तरी झाले. त्याचा पगार तुम्ही देणार नाही, मागतही नाही. त्यातून उरलेला तासभर तरी फुकट बसू द्या.

ते सोडा. लाडक्या बहिणीचे बघू. जुलै २०२४ पासून दीड हजार रुपये येतात, मला मिळतात, नाही कशाला म्हणू? निवडणुकीत २,१०० म्हणाला होतात, तेही आता काढत नाही. पण हिशेब तर करा. रोज वीस रुपयांनी महिन्याचे सहाशे. भावाने ओवाळणी घालायची आणि दारातून निघताना बहिणीच्या पिशवीतून परत काढून घ्यायची, ही कुठली भाऊबीज?

बागेवर दोन कोटींच्या वर खर्च झाला म्हणे. कोणी तीन सांगतात. फलक लावला होता तो पहिल्याच पावसात फिका पडला, त्यामुळे खरा आकडा तुम्हालाच माहीत. एवढ्या पैशांत काय आले ते आम्ही पाहिले. माणसाएवढ्या लाल अक्षरांत 'आय लव्ह' आणि पुढे गावाचे नाव. फायबरची हरणे, जिराफ, अळंबी. प्लास्टिकचे हिरवे गवत, जे दुपारी तव्यासारखे तापते. ओपन जिमची पिवळी-लाल यंत्रे, त्यातल्या एकाचे पायडल आत्ताच लोंबते आहे. आणि काय गेले? वडाखालची पाठ असलेली बाकडी गेली, त्याजागी ग्रॅनाइटचे ओटे आले, ज्यांच्यावर साठीच्या पुढचे माणूस दहा मिनिटे बसू शकत नाही. वडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले. वटपौर्णिमेला आम्ही पाणी घातले तर ते मुळात न जाता वाहत तिकीट खिडकीकडे जाईल. बायकांचे स्वच्छतागृह नवे आहे, टाइल्स छान आहेत, बाहेरून कुलूप आहे. किल्ली ठेकेदाराकडे असते आणि ठेकेदार जिल्ह्याच्या गावी राहतो.

भेळवाल्याचे तर फारच झाले. फाटकाशी वीसेक वर्षे उभा असलेला माणूस. त्याने करोनानंतर पंतप्रधान स्वनिधीतून दहा हजारांचे कर्ज घेतले, हातगाडी रंगवली, हप्ते फेडले, क्यूआर कोडसुद्धा लावला. सुशोभीकरणाला शोभत नाही म्हणून त्याची गाडी उचलून नेली. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे; आधी समिती बसवा, सर्वेक्षण करा, पर्यायी जागा द्या असे त्यात लिहिले आहे. एका हाताने कर्ज द्यायचे आणि दुसऱ्या हाताने गाडी उचलायची. आत आता कॅफे निघणार आहे, तिथे भेळ ऐंशी रुपयांना मिळेल आणि ती खाताना काचेच्या पलीकडे वड दिसेल.

निवेदन द्यायला गेलो तर मुख्याधिकारी मीटिंगला. पुढच्या वेळी गेलो तर व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगला. बागेचे काम बघणारे अभियंता म्हणाले, ठराव प्रशासकांच्या काळातला आहे. प्रशासकांना विचारावे तर त्यांची बदली झाली. वर्षानुवर्षे नगरपालिकांवर लोकांनी निवडलेले कोणी नव्हतेच, प्रशासकच सह्या करत होते. डिसेंबर २०२५ मध्ये एकदाच्या निवडणुका लागल्या. नवे नगरसेवक आले, हात जोडून म्हणाले, "ताई, ठेकेदाराशी करार दहा वर्षांचा आहे." म्हणजे विचारायला कोणी नव्हते तेव्हा करार झाला, आणि आता विचारायला माणूस आहे तर करार आडवा येतो. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे, माहितीचा अधिकार २००५ चा, आपले सरकार पोर्टलवर तक्रारही टाकली. "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे," असा मेसेज आला. काय निकाल लागला ते मेसेजमध्ये नव्हते.

राज्यघटनेची बारावी अनुसूची तुमच्या कार्यालयात असेलच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेली. त्यात नगरपालिकेच्या कामांत उद्याने, बागा, क्रीडांगणे ही नागरी सोय म्हणून लिहिली आहेत. पाण्याची, दिव्याची, स्मशानाची सोय लिहिली आहे, तशीच बागेचीही. तिकीट लावा असे तिथे कुठे दिसले नाही. घरपट्टी तर आम्ही भरतोच, उशीर झाला तर व्याजासकट.

आणि फक्त बागच आहे का? गरिबाला फुकट किंवा स्वस्त मिळणारी एकेक गोष्ट उचलली जाते आहे. ज्येष्ठांची रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, करोना गेला तरी ती परत आली नाही. पाणपोया गेल्या, बाटली आली. स्टँडच्या पंख्याखालची बाकडी गेली. बसून राहणारा माणूस तुम्हा लोकांना बघवतच नाही. तो काहीतरी विकत घेत असला पाहिजे, नाहीतर रांगेत उभा असला पाहिजे, किंवा सभेला आणलेला असला पाहिजे. मलबार हिलच्या बंगल्यांसमोर हिरवळ आहे, तिथे सकाळी चहा घेताना तुमच्यापैकी कोणाला कधी तिकीट फाडावे लागले असेल असे वाटत नाही.

असो. फार बोलले. मागणे थोडेच आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात, तेव्हा पैसे नाहीत असे सांगू नका. तिकीट बंद करा. सगळ्यांचे, नुसते बायकांचे नाही. झेरॉक्स मागू नका. कारंज्याभोवतीची फरशी काढून खरखरीत बसवा, माझा हात गेला, उद्या एखाद्या पोराचे डोके जाईल. पाठ असलेली बाकडी परत द्या, जुनी गोदामात गंजत पडली आहेत, मी पाहिली आहेत. वडाभोवतीचे सिमेंट फोडा. स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे ठेवा. भेळवाल्याला त्याची गाडी आणि जागा द्या. माझ्या साडेचार हजारांचे तुमच्या मनाला येईल ते करा.

"आपले निवेदन पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे," हे पत्र मात्र पाठवू नका. त्याच्या तीन प्रती घरी आहेत. त्यापेक्षा स्वतः या, नाहीतर कोणाला तरी पाठवा. येताना वीस रुपये सुट्टे आणायला सांगा, फाटकावर सुट्टे नसतात.

आपली,
बाजारपटांगणात टाळ्या वाजवणारी एक बहीण