हाका आणि हरकत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'संसदेत नाचल्याबद्दल तीन खासदार निलंबित' ही न्यूझीलंडची बातमी आपल्या अंकात पानाच्या तळाशी, चौकटीत वाचली. सूर गमतीचा होता. मी ऑक्टोबर २०२४ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत मुलीकडे तिथल्याच हॅमिल्टन शहरात होतो, आणि त्याआधी बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मला त्या प्रकरणात नाच कमी आणि फेरफारावरची, म्हणजे हक्काची नोंद बदलण्यावरची, हरकत जास्त दिसली, म्हणून हे पत्र.

प्रसंग १४ नोव्हेंबर २०२४ चा. हाना-रावहिती मायपी-क्लार्क या बावीस वर्षांच्या खासदार बाईंनी माओरींशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, झालेल्या जुन्या करारासंबंधीच्या एका विधेयकाची प्रत सभागृहात फाडली आणि हाका, म्हणजे माओरींची पाय आपटत द्यायची पारंपरिक ललकारी, सुरू केली. त्यांचा मतदारसंघ हौराकी-वायकाटो. हॅमिल्टन त्यातच येतं. नाशिकहून भाच्यानं तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसण्याच्या खुणा. जावई म्हणाला, "बाबा, विधेयकात चूक काय आहे? सगळ्यांना सारखे हक्क, एवढंच तर लिहिलंय." मी म्हटलं, आधी मूळ कागद दाखव.

मूळ कागद म्हणजे ६ फेब्रुवारी १८४० चा वायतांगीचा करार, इंग्लंडची राणी आणि माओरी सरदार यांच्यातला. मसुदा इंग्रजी. हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्यानं मुलाला हाताशी धरून एका रात्रीत त्याचं माओरी भाषांतर केलं. इंग्रजी प्रतीत सरदार राणीला 'सार्वभौमत्व' देतात. माओरी प्रतीत देतात 'कावानाटांगा', म्हणजे गव्हर्नरकी. शब्दच 'गव्हर्नर'वरून पाडलेला. शिवाय आपल्या जमिनी, गावं आणि सगळा ठेवा यांवरचा पूर्ण अधिकार सरदारांकडेच राहील, असं त्याच माओरी प्रतीच्या दुसऱ्या कलमात आहे. पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या-खुणा केल्या, त्यांतल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९. बाकी सगळ्यांनी माओरी मजकुरावर केल्या. आमच्या खात्यात अस्सल आणि नक्कल जुळली नाही तर साहेब आधी कारकुनाला बोलावतात. तिथे १८७७ साली सरन्यायाधीशांनी तो करार म्हणजे निव्वळ शून्य आहे असंच सांगून टाकलं.

हॅमिल्टन शहराचा फेरफारही पाहण्यासारखा आहे. १८६३ मध्ये सरकारी फौज वायकाटोत, म्हणजे हॅमिल्टनच्या मुलखात, शिरली. नंतर तिथल्या लोकांना बंडखोर ठरवून सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली. १८६४ मध्ये किरिकिरिरोआ या माओरी गावाच्या जागी लष्करी वसाहत बसवली, सैनिकांना तुकडे वाटले आणि लढाईत मेलेल्या एका कॅप्टनचं नाव गावाला दिलं. मुलीचं घर त्याच जमिनीवर आहे. (ऑकलंडहून येताना वाटेत 'बॉम्बे' नावाचं गाव लागतं. मी खूश झालो, पण ते नाव १८६३ मध्ये वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजाचं निघालं.)

जिथे फौज नव्हती तिथे न्यायालय होतं. १८६५ च्या कायद्यानंतर सामाईक जमिनीला मालकीचा दाखला घ्यावा लागू लागला. जमात केवढीही असो, दाखल्यावर साधारण दहाच नावं चढायची. मोजणीचा खर्च दावेदारांच्या माथी. सुनावणीसाठी आठवडेच्या आठवडे शहरात मुक्काम, दुकानदाराची उधारी, आणि ती फेडायला पुन्हा जमीनच विकायची.

हे वाचताना मला पेठ तालुक्यातली माझी पहिली सजा, म्हणजे तलाठ्याकडे असलेला गावांचा गट, आठवली. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भाऊ, दोन बहिणी, सगळे त्या एका नावाच्या पोटात. जुनं पान संपलं, नवं लिहिताना कोणीतरी ती तीन अक्षरं गाळली. पुढे थोरल्यानं परवानगी काढून जमीन विकली तेव्हा धाकटा चावडीत आला. माझ्या टेबलापाशी उकिडवा बसून सातबाऱ्यावर बोट फिरवत विचारू लागला, "भाऊसाहेब, यात आमी कुठंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा होता, आदिवासींच्या जमिनीच्या विक्रीला आळा घालणारं महसूल संहितेचं कलम ३६-अ होतं, पण कागदावर तो माणूस नव्हताच. तिथे दहा नावांच्या पोटात अख्ख्या जमाती अशाच गेल्या. दाखल्यावर ज्यांची नावं ते कायद्यानं पूर्ण मालक, विकायला मोकळे.

हे सगळं तिथेही कबूल झालेलं आहे. १९७५ मध्ये वायतांगी न्यायाधिकरण नेमलं, १९८५ पासून ते थेट १८४० पासूनच्या करारभंगाच्या तक्रारी ऐकू लागलं. १९९५ मध्ये वायकाटोच्या लोकांना १७ कोटी डॉलरची भरपाई आणि माफी मिळाली. त्या कायद्यावर राणी एलिझाबेथनं स्वतः सही केली. मुलगी मला 'द बेस' नावाच्या मॉलमध्ये भाजीला न्यायची. पूर्वीचा हवाईदलाचा तळ तो, त्याच तडजोडीत वायकाटोच्या टैनुई जमातीकडे परत आलेला. विद्यापीठाखालची जमीनही त्यांचीच.

मग विधेयक काय होतं? करारातून निघणारी तत्त्वं संसदेनं नव्यानं लिहायची आणि त्यावर सगळ्या देशाचं मत घ्यायचं. ते आणणारे डेव्हिड सिमोर स्वतः माओरी वंशाचे आहेत, आणि 'सर्वांना समान हक्क' हे शब्द ऐकायला कोणालाही गोड लागतील. पण देशात सहा माणसांत एक माओरी. करार दोघांचा, आणि त्याचा अर्थ बाकीच्या पाचांनी ठरवायचा! आठ वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या माझ्या जावयालाही त्यावर मत देता आलं असतं. दोघांत झालेलं खत एकाच बाजूनं गावसभा बोलावून बदललं, तर त्या खताची नोंद मी तरी मंजूर केली नसती.

विधेयकाविरुद्धचा मोर्चा वेलिंग्टनला पोचला तेव्हा पोलिसांच्या अंदाजानं ४२,००० माणसं होती. तीन लाखांवर लेखी निवेदनं गेली, बहुसंख्य विरोधात. १० एप्रिल २०२५ ला विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. हरकत मान्य झाली म्हणायची. तरी हरकत घेणाऱ्यांना शिक्षा झालीच: मायपी-क्लार्क यांना सात दिवस आणि त्यांच्या पक्षाच्या दोन्ही नेत्यांना एकवीस. त्याआधी तिथे तीन दिवसांच्या वर कोणाला काढलं नव्हतं. हा आकडा आपल्या चौकटीत हवा होता.

आणि एक विनंती. हाका स्वागताला करतात, मयतालाही करतात, आव्हान द्यायलाही करतात. 'नाच' लिहिलं की यातलं काहीच पोचत नाही, 'हाका'च लिहावं.

जावयाला माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. तो आपला ई-पेपर रोज वाचतो. त्यानं उत्तर पाठवलं तर तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, नाशिक