मेंदूच्या अरुंद नसा : स्टेंटआधी गोळ्यांसाठी मदत हवी

‘मेंदूची नस ८० टक्के बंद आहे, स्टेंटसाठी मदत करा,’ असे अर्ज आमच्या रुग्णसाहाय्य समितीकडे येतात. स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीदार नळी. आमचा पहिला प्रश्न असतो : नस मानेतली की कवटीच्या आतली?

मानेतली कॅरोटिड धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली असेल आणि त्यामुळे पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर शस्त्रक्रियेचा फायदा सिद्ध झालेला आहे. शक्यतो ती दोन आठवड्यांच्या आत व्हावी, म्हणून असे अर्ज आम्ही अडवून ठेवत नाही.

कवटीच्या आतल्या धमन्यांचं तसं नाही. त्यांची भिंत पातळ असते, बारीक फाटे थेट मेंदूत शिरतात. स्टेंट उघडताना चरबीचा थर या फाट्यांच्या तोंडाशी सरकला की उपचारानेच पक्षाघात होतो. अमेरिकेतल्या सॅम्प्रिस चाचणीत (२०११) पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंट बसवलेल्यांत १४.७ टक्के होतं, तर फक्त औषधोपचारावर ५.८ टक्के. नंतर तंत्र सुधारलं, तरी नीट औषधं घेऊनही पुन्हा झटके येणाऱ्या निवडक रुग्णांतच स्टेंटचा विचार होतो.

म्हणून या वेळी पैसे मागतोय ते औषधांसाठी. त्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) ७५ मिलिग्रॅम ९० दिवस होतं, शिवाय कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन. लक्ष्य : वरचं बीपी १४०च्या खाली, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७०च्या खाली. गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. घोडं अडतं ते सातत्यात. हात पूर्ववत चालू लागला की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद होतात. पित्तासाठी कुणीतरी ओमेप्राझोल सुरू करतं आणि क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. गोळ्या बदलणं, थांबवणं डॉक्टरांना विचारूनच.

वस्तू द्यायची असेल तर दंडाला बांधायचं बीपी यंत्र द्या, मनगटाचं नको. सोबत मोठा कफही (दंडाभोवती गुंडाळायचा पट्टा) हवा, कारण जाड दंडावर लहान कफ बांधला की आकडा उगाच जास्त येतो. घरातल्या उरलेल्या, कापलेल्या स्ट्रिप कृपया आणू नका. बॅच आणि मुदत न दिसणाऱ्या गोळ्या आम्हाला वाटता येत नाहीत. त्याऐवजी एका रुग्णाच्या ९० दिवसांच्या औषधांचा आणि एलडीएल तपासणीचा खर्च उचला. धनादेश किंवा रोख समितीच्या कार्यालयात द्या, पावती लगेच मिळेल.

आठवड्यातून एकदा रुग्णाला फोन करून ‘गोळ्या किती उरल्या, बीपी किती आलं?’ एवढं विचारून वहीत लिहिणारे स्वयंसेवकही हवे आहेत. बोलताना जीभ जड वाटली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला असं कळलं, तर वही बाजूला ठेवून १०८ला फोन करायचा. लक्षणं पाच मिनिटांत गेली तरीही.